अर्धी गोळी

शिलाईच्या कारखान्यात कॉलरच्या मशीनवर बारा वर्षं काढलेल्या बाईच्या बोटात सुई जावी, हे मुकादमाला पटेना. नवख्या मुली पहिल्या महिन्यात बोट टोचून घेतात, रडतात आणि पुन्हा चुकत नाहीत. हिच्या डाव्या तर्जनीत सुई नखातून आरपार गेली, आणि गेली तेव्हा हिला कळलंसुद्धा नाही. शेजारच्या मशीनवरची किंचाळली तेव्हा हिनं खाली पाहिलं. पांढऱ्या कॉलरवर लाल डाग पसरत होता आणि पाय अजून पेडलवरच होता.

मुकादमानं बोट बांधून दिलं आणि चेष्टेनं विचारलं, झोपली होतीस की काय. तिनं खरं सांगितलं. म्हणाली, "बहुतेक."

घरात तीन माणसं. ती, तिचा नवरा आणि सासरे. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर कायम रात्रपाळीला. रात्री साडेनऊला डबा घेऊन जायचा आणि सकाळी साडेसहाला परत यायचा. दिवसा तो घरी झोपायचा, त्यामुळे सासऱ्यांजवळ कोणीतरी आहे असं म्हणता यायचं. रात्र मात्र सगळी सुनेच्या वाट्याला.

सासरे म्हणजे आबा. चौतीस वर्षं वीज कंपनीत लाइनमन. भर वादळात खांबावर चढलेला माणूस. सून घरात आली तेव्हा तिला विजेची इतकी धास्ती की बटण दाबतानाही पदर हाताला गुंडाळायची. आबांनी तिला शेजारी उभी करून फ्यूज बांधायला शिकवला. "पोरी, विजेला भ्यायचं नाही, तिचा मान ठेवायचा," म्हणाले होते. सासू गेल्यावर घरातला वडीलधारा आणि मैत्रीतला माणूस तिला हाच. पण गेली दोन वर्षं त्यांच्या डोक्यातली एकेक वायर सुटत चालली होती. दिवसा खिडकीशी बसून राहत, सांगितलं तर जेवत. अंधार पडला की नोकरीवर रुजू होत. कुठेतरी फॉल्ट आलाय, अख्खी लाइन बंद आहे, लोक खोळंबलेत, शिडी कुठं ठेवलीस. शिडी मिळेपर्यंत ते घरभर फिरत. एकदा टेबलावर स्टूल ठेवून त्यावर चढून ट्यूबलाइटला हात घातलेला तिनं पाहिला, तेव्हापासून ती त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी अंथरूण टाकून झोपायची. झोपायची म्हणजे पडून राहायची. ते उठले की उठायची, "सप्लाय आला आबा, साहेबांचा निरोप आलाय," असं सांगून त्यांना परत निजवायची. तासाभरानं पुन्हा तेच. पुढे पुढे तर आबा एखाद्या रात्री शांत झोपले तरी हिच्या डोळ्याला डोळा लागेना. कान त्यांच्याकडेच असायचे.

बोटाला टाके घालताना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांखाली पाहिलं आणि झोपेचं विचारलं. ती म्हणाली, झोप येत नाही. किती दिवस? वर्ष झालं असेल. बाईंनी बरंच काही विचारलं. चहा किती, काळजी कसली, घोरतेस का, याआधी काही घेतलंय का. मग म्हणाल्या, थोड्या दिवसांसाठी गोळी देते, पण ही खेळण्यातली गोष्ट नाही. अंथरुणावर पडल्यावरच घ्यायची, घेऊन कामं करत बसायचं नाही. पुढे सात-आठ तास झोपायला मिळणार असतील तरच घ्यायची. रोज घ्यायची नाही, लागेल त्या दिवशीच. दारू नको, गुंगी आणणारं दुसरं काही नको. सकाळी जडपणा वाटला तर मशीनला हात लावायचा नाही. आणि तुझी गोळी तुझीच. शेजारणीला नाही, घरात कुणाला नाही. दोन आठवड्यांनी दाखवायला यायचं, चालू ठेवायची की नाही ते तेव्हा बघू.

लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली. "रात्री तुझ्या भरवशावर कोणी असतं का घरात? लहान मूल, आजारी माणूस?"

"नाही," ती म्हणाली.

का खोटं बोलली, हे तिला तेव्हाही नीट माहीत होतं. हो म्हटलं असतं तर बाईंनी गोळी दिली नसती, आणि तिला त्या क्षणी जगात दुसरं काहीच नको होतं.

दहा गोळ्यांचं पाकीट घेऊन ती घरी आली. त्याच रात्री आबा लवकर झोपलेले पाहून तिनं एक घेतली. वर्षभरात पहिल्यांदा ती झोपली. स्वप्न नाही, कूस बदलणं नाही. जाग आली ती दाराच्या बेलनं. साडेसहा वाजत आले होते. दारात दूधवाला उभा होता आणि त्यानं आबांचा दंड धरला होता. आबांच्या पायात चप्पल नव्हती, सदरा उलटा घातलेला, गुडघा फुटलेला, आणि हातात न्हाणीघरातली पुसायची काठी. दूधवाला म्हणाला, काका चौकातल्या ट्रान्सफॉर्मरचं कुंपण ओलांडायच्या बेतात होते, मी ओरडलो म्हणून थांबले. ती काही बोलेपर्यंत तिचा नवराही पाळीवरून आला. त्याला दूधवाल्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

त्या दिवसापासून रात्री दाराला आतून कुलूप लागलं. मग आबा कुलपावर थापा मारत. "लोक अंधारात बसलेत, दार उघडा," म्हणून रडकुंडीला येत. वरच्या मजल्यावरच्यांनी दोनदा येऊन सांगितलं की म्हाताऱ्याचं काहीतरी करा. तीन रात्री तिनं अशा काढल्या. पाकिटात नऊ गोळ्या होत्या आणि तिला एकही घेण्याची सोय नव्हती.

चौथ्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्या तिला सुचलं. सुचलं तेव्हा ते वाईट वाटलं नाही, उलट इतके दिवस कसं सुचलं नाही याचं नवल वाटलं. आपण झोपलो तर आबा जागे राहतात. आबा झोपले तर दोघं झोपतील. गोळी तिथंच होती, नुसतं तोंड बदलायचं होतं.

नवऱ्याला विचारल्याशिवाय तिनं केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा पीत असताना तिनं पाकीट समोर ठेवून सगळं सांगितलं. बाईंनी काय काय बजावलं तेही सांगितलं. त्यानं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"अर्धी दे," तो म्हणाला. "म्हातारं माणूस आहे." आणि कप खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून झोपला.

अर्धी गोळी तिनं लाटण्यानं चुरून दुधात घातली. आबा रात्रभर उठले नाहीत. ती दोनदा उठून त्यांच्या नाकाशी हात धरून आली, श्वास चालू होता, मग तीही झोपली. असं आठ रात्री चाललं. माणसाला झोप मिळाली की चेहरा कसा पालटतो, हे कारखान्यातल्या बायकांनी तिला बोलून दाखवलं. ती गाणं गुणगुणायला लागली होती. एका रविवारी तिनं घरातले सगळे पडदे धुतले. नवराही खूष होता. म्हणाला, इतकं सोपं होतं आणि आपण वर्षभर मरत होतो.

आबांमध्ये फरक पडला होता, तो तिला दिसत नव्हता असं नाही. सकाळी त्यांची जीभ जड असायची. न्हाणीघरात जाताना भिंत धरायला लागले होते. घास तोंडात ठेवून चावायचं विसरायचे. दिवसाही आता शिडी मागत नव्हते, काहीच मागत नव्हते. ती याला शांतपणा म्हणायची. त्या शब्दावर तिनं फार विचार केला नाही. पोट भरलेला माणूस ताटाखाली वाकून बघत नाही.

नवव्या रात्री अर्धी पुरली नाही. दोन वाजता आबा कुलपाशी उभे होते. पुढच्या रात्रीपासून तिनं अख्खी घातली आणि सकाळी नवऱ्याला तसं सांगितलं. मग त्यानं एवढंच विचारलं की संपल्या की काय करायचं. दोन आठवड्यांची तारीख त्याच आठवड्यात होती. डॉक्टरीणबाईंकडे ती गेली नाही. गेली असती तर त्यांनी विचारलं असतं, गोळीनं झोप कशी येतेय.

त्या शनिवारी नणंद आली. ती दुसऱ्या गावी शाळेत लेखनिक. इथं दोन दिवसांचं काही सरकारी प्रशिक्षण होतं म्हणून राहायला आली होती. नणंद मोठी टापटिपीची आणि जिभेची धारदार. आल्या आल्या तिनं बापाची नखं कापली, कपाट आवरलं आणि आबा किती वाळलेत म्हणून भावजयीला ऐकवलं. आबांना दोन दिवस खोकला होता. जेवणं झाली, नवरा पाळीवर गेला, आबांना दूध पाजून निजवलं. नणंद थोडा वेळ त्यांच्या उशाशी बसली आणि बाहेर येऊन म्हणाली, किती शांत झोपतात गं, फोनवर तू उगाच घाबरवत होतीस.

पहाटे साडेपाचला काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला. सून धावली. खाटेपासून न्हाणीघरापर्यंतच्या बोळात आबा कुशीवर पडले होते. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. ते ओरडले नव्हते. हाड मोडलेला माणूस विव्हळतो. हे नुसते अर्धवट उघड्या डोळ्यांनी फरशीकडे पाहत होते आणि श्वास मोजून घेतल्यासारखा सावकाश चालला होता. नणंदेनं रुग्णवाहिका बोलावली. नवरा पंपावरून परस्पर हॉस्पिटलात आला.

खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन लागणार होतं. पण डॉक्टरांना पायापेक्षा दुसरंच खटकत होतं. हाक मारली तर आबा डोळे उघडत आणि मिटत. चिमटा काढला तरी तेवढंच. पडताना डोक्याला लागलं का, म्हणून डोक्याचा फोटो काढला, त्यात काही नव्हतं. झटका आलाय का, ते ठरेना. सकाळी दहाच्या सुमारास भूल देणारे डॉक्टर आले. चष्मा कपाळावर चढवलेला, हातात फाईल. त्यांनी विचारलं, यांना कोणकोणती औषधं चालू आहेत, एकूण एक सांगा.

"ब्लड प्रेशरची एक गोळी," नवरा म्हणाला. "बाकी काही नाही."

सुनेनं त्याच्याकडे पाहिलं. तो फाईलकडे पाहत होता. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि निघून गेले.

ती बाकावर बसून राहिली. नवरा इतक्या सहज म्हणाला होता की क्षणभर तिला वाटलं, खरंच बाकी काही नसेल. मग वाटलं, आता बोलून काय होणार, हाड तर मोडलंच आहे. पण त्या माणसाला ते भूल देणार होते. कशावर कशाची भूल चढवतोय हे त्यांना माहीत नव्हतं, तिला माहीत होतं. ती उठली. जिन्यापर्यंत गेलेल्या डॉक्टरांना तिनं गाठलं आणि पिशवीतून पाकीट काढून त्यांच्यापुढे धरलं. दहातली दीड उरली होती.

"माझी गोळी आहे," ती म्हणाली. "मी त्यांना देत होते."

डॉक्टर रागावले नाहीत. रागवायला त्यांना वेळ नव्हता. कधीपासून, किती, कालची किती वाजता, अर्धी की अख्खी, असं भराभर विचारत गेले. तिनं सगळं सांगितलं. ब्लड प्रेशरची आणि ही सोडून आणखी काही पोटात गेलंय का, त्यांनी विचारलं. दारू, सर्दीची गोळी, खोकल्याचं औषध? नाही, ती म्हणाली. त्यांनी पाकीट ठेवून घेतलं, फाईलवर लाल शाईनं लिहिलं आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं. जाताना एवढंच म्हणाले की सांगितलंत ते बरं केलंत.

ती वळली तर मागं नणंद उभी होती.

वॉर्डात इतर खाटांवरची माणसं, त्यांचे नातेवाईक, झाडणारी बाई, सगळ्यांसमोर नणंदेनं तिला धारेवर धरलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे प्रत्येक शब्द लागत गेला. म्हणाली, कुत्र्यालासुद्धा माणूस असं करत नाही. म्हणाली, तुला झोप हवी होती तर मला फोन करायचा, मी नेलं असतं माझ्या बापाला. गेल्या दोन वर्षांत तसा फोन तिनं तीनदा केला होता आणि तिन्ही वेळा शाळेच्या परीक्षा होत्या, पण ते आता कोण उगाळणार. "माझ्या बापाला गुंगी देऊन निजवत होतीस," नणंद म्हणाली, "आणि दादाला पत्तासुद्धा नाही."

नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. सून थांबली. तिला फार नको होतं. मला माहीत होतं, किंवा नुसतं पुरे आता, एवढ्यावरही भागलं असतं. खाली वाकून त्यानं आबांच्या पायावरची चादर सारखी केली.

ऑपरेशन झालं. बाराव्या दिवशी आबांना घरी आणलं. वॉकर दिला होता, तो भिंतीला टेकून तसाच राहिला. म्हाताऱ्या माणसाचं हाड सांधतं, पण उभं राहायचं कसं हे आबांचं डोकं विसरलं होतं. ते पुन्हा चालले नाहीत. तिनं बिनपगारी रजा टाकली. दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला मलम लावायचं, चमच्यानं पातळ भरवायचं. कंबरेला पट्टा बांधून ती एकटी त्यांना उचलायला शिकली. कॉलरच्या मशीनवर मुकादमानं दुसरी बाई बसवली आणि तसा निरोप पाठवला.

एके दिवशी ती स्वतःहून डॉक्टरीणबाईंकडे गेली. टाके केव्हाच निघाले होते. तिनं झालेलं सगळं सांगितलं.

"मी विचारलं होतं तुला," बाई म्हणाल्या.

"हो. मी खोटं बोलले."

मग त्यांनी समजावलं, शांतपणे, जणू पहिल्यांदाच सांगत होत्या. तिच्या अंगाला जी गोळी एक रात्र पुरते ती ऐंशीच्या घरातल्या शरीरात रेंगाळते, आणि अशा विसरभोळ्या माणसाला तर तिनं आणखी भ्रम होतो, तोल जातो. अर्धी म्हणजे निर्धोक असं तिला कुणी सांगितलं? अर्धी कुणाच्या मापानं? खरं तर उपाय करायला हवा होता तो आबांच्या रात्रीवर, आणि त्यासाठी त्यांना तपासायला आणायला हवं होतं. "आणि तू नाही म्हणालीस तरी मी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "वर्षभर झोपली नाही असं सांगणारी बाई घरात एकटी नसते." त्यांनी आठवड्यातून एकदा घरी येणाऱ्या परिचारिकेची सोय करून दिली. झोपेचं औषध तिनं मागितलं नाही, त्यांनी दिलं नाही.

नणंद ऑपरेशननंतर गेली ती फोनसुद्धा करत नव्हती. साडेतीन आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, न कळवता दारात उभी राहिली. सून आबांची चादर बदलत होती. नणंदेनं पर्स बाजूला ठेवून दुसरं टोक धरलं. चादर बदलून झाली तरी ती टोक सोडेना.

"त्या रात्री मी आबांना खोकल्याचं औषध दिलं होतं," ती म्हणाली. "दोन चमचे आठ वाजता आणि तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा आणखी दोन. ढास लागली होती त्यांना. माझ्या पर्समधली बाटली होती."

सुनेनं जुनी चादर गोळा करून कोपऱ्यात टाकली.

"खोकल्याचं औषध म्हणजे काय औषध, असं वाटायचं मला. गेल्या आठवड्यात मला खोकला झाला तेव्हा बाटलीवरचं बारीक वाचलं. झोपेच्या औषधाबरोबर घेऊ नये असं लिहिलंय. वयस्कर माणसाला देऊ नये असंही." ती थांबली. "पण वहिनी, खरं सांगते, मला तिथंच आठवलं होतं. डॉक्टरनं तुला विचारलं, खोकल्याचं औषध? तू नाही म्हणालीस. मी मागं उभी होते. बाटली काखेतल्या पर्समध्ये होती आणि मी गप्प बसले. आणि मग वॉर्डात तुला चार माणसांत बोलले."

सुनेला राग यायला हवा होता. ती खाटेच्या कडेला बसली, एवढंच. इतके दिवस तिनं एकटीनं उचललेल्या ओझ्याचं एक टोक कुणीतरी हातात घेतलं होतं, आणि ते ज्यांनी घ्यायला हवं होतं त्यांनी नव्हे.

"दादाला माहीत होतं का?" नणंदेनं विचारलं. "तू गोळी देतेस ते?"

आतल्या खोलीत नवरा जागा होता. पलंग करकरला, मग पुन्हा शांत झाला.

"त्यांना विचारा," सून म्हणाली.

नणंदेनं आतल्या दाराकडे पाहिलं, वाट पाहिली. कुणी बाहेर आलं नाही. तिला काय कळायचं ते कळलं असावं. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. त्या आठवड्यापासून ती दर शुक्रवारी संध्याकाळी बसनं यायची आणि रविवारी रात्री परत जायची. दोन रात्री ती आबांजवळ बसायची आणि सून आत जाऊन पडायची. झोप कधी यायची, कधी नाही. दोघींनी एक वही केली, दाराला दोरीनं बांधलेली. आबांना काय दिलं, किती वाजता, कुणी दिलं. साधा मधाचा चमचा दिला तरी नणंद लिहायची. दोघींमध्ये गोडवा आला असं नाही. कामाचं तेवढं बोलत. पण भरवताना एकीनं मान धरायची आणि दुसरीनं चमचा, हे न सांगता जमायला लागलं.

आबा त्यानंतर तीन महिने जगले. बहुतेक दिवस छताकडे पाहत पडून असायचे. अधूनमधून बोटं चादरीवर फिरत, वायर पिळल्यासारखी. एकदा सकाळी सून तोंड पुसत असताना त्यांनी तिचा हात धरला, ते सुईचा व्रण पडलेलं नख निरखून पाहिलं आणि म्हणाले, "शॉक लागला का पोरी?" ती नाही म्हणाली. त्यांना पटलं नाही. त्यांनी त्या बोटावर फुंकर घातली. नंतर ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली. दोन वर्षांत तिला ओळखून ते असं बोलले नव्हते.

हिवाळ्याच्या शेवटी छातीत कफ भरला. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास, नणंद औषध आणायला गेलेली, नवरा आत झोपलेला, सून त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसलेली असताना ते गेले. तिनं नवऱ्याला उठवलं. तो येऊन बापाकडे पाहत उभा राहिला आणि मग भिंतीला धरून खाली बसला.

पंधरा दिवसांनी नणंद आबांचं कपाट रिकामं करायला आली. नवऱ्यानं त्या दिवशी रजा घेतली होती. भाऊ-बहीण जमिनीवर बसून सदऱ्यांचे ढीग लावत होते. ठेवायचे एकीकडे, द्यायचे दुसरीकडे. सून दारात आली तेव्हा नवरा बोलत होता. डोळे हातातल्या सदऱ्यावर होते.

"तिनं मला विचारून दिली होती. अर्धी दे म्हणून मीच सांगितलं. अख्खी देते तेही मला माहीत होतं."

नणंदेचे हात थांबले. "हे तू हॉस्पिटलात का नाही बोललास?"

"भ्यालो."

"कशाला?"

त्यानं सदऱ्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. पोलिसांना, बहिणीला, की त्या वॉर्डातल्या अनोळखी माणसांना, त्याचं त्यालाही ठरवता आलं नसावं. तेवढ्यात त्याला बायको दिसली. तो तिच्याकडे पाहत राहिला, काहीतरी मिळावं म्हणून पाहतात तसा.

गेल्या चार महिन्यांत तिनं हा क्षण कितीतरी वेळा मनात रंगवला होता. तो बोलेल आणि आपल्या छातीवरचा दगड उतरेल, असं तिला वाटायचं. तो बोलला आणि काहीच उतरलं नाही. आबांना दूध तिनंच पाजलं होतं. नवरा खरं बोलला म्हणून तो पेला तिच्या हातातून सुटणार नव्हता.

"सोमवारपासून मी कामावर जातेय," ती म्हणाली. "कॉलरवर जागा नाही, काज-बटणावर घेतायत. तुमचा डबा करून ठेवीन. बाकीचं आपण बोलू, पण आज नाही."

ती खाली बसली आणि द्यायच्या ढिगातले सदरे एकेक करून पिशवीत भरू लागली. नणंदेनं पिशवीचं तोंड धरलं.